बोलीत दुखतं

युक्रेनियन भाषेत 'दुखतं' याला 'बोलित' म्हणतात. उच्चार थेट आपल्या 'बोलीत'सारखा, शेवटचा 'त' तेवढा मऊ. युक्रेनमधल्या, रोमानियाच्या सीमेजवळच्या चेर्निव्त्सीला डॉक्टरकी शिकायला गेलेल्या आम्हा मुलामुलींनी पाठ केलेल्या शब्दांत हा शब्द सगळ्यात वर होता. कुठे बोलित, कधीपासून बोलित, दाबल्यावर बोलित की हात काढल्यावर. वर्ग इंग्रजीत चालायचे, पण वॉर्डातला पेशंट इंग्रजीत कण्हत नाही.

चौथ्या वर्षाला होते, २०१९ चा हिवाळा. पोटात दुखतं म्हणून एक म्हातारी सर्जरीच्या वॉर्डात आली होती. हेर्त्सा भागातल्या एका खेड्यातली. डोक्याला रुमाल, हात शेतातले. मी विचारलं, बोलित? तिनं मान हलवली. इथे? मान हलवली. इथे नाही? त्यालाही मान हलवली. मग तिनं छातीच्या जरा खाली पंजा ठेवला आणि म्हणाली, "म द्वारे." मला वाटलं ती भ्रमात बोलते आहे. शेजारच्या खाटेपाशी सलाइन लावत असलेल्या सिस्टर वळल्या, तिच्या उशाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "उंदे व द्वारे, मतुशा?" कुठे दुखतं, मावशी?

मग ती म्हातारी दहा मिनिटं थांबली नाही. विहिरीवरून पाणी आणताना डावा हात भरून आला होता. जबडा दुखला होता. दोन आठवड्यांपूर्वी असंच एकदा झालं होतं, तेव्हा ती गोठ्यात बसून राहिली आणि घरात कुणाला बोलली नाही. यातलं काहीही तिच्या हो-नाहीतून आम्हाला कळलं नव्हतं. ईसीजी काढला आणि तिला सर्जरीतून उचलून हृदयाच्या वॉर्डात नेलं.

'म द्वारे' म्हणजे रोमानियनमध्ये 'मला दुखतं'. दोन भाषांत दुखण्याचे दोन शब्द, आणि दोन्ही माझ्या कानाला मराठी वाटले. मला त्या रात्री झोप आली नाही. माझी आजी आठवत राहिली. आम्ही जत तालुक्यातले, सीमेला लागून असलेल्या गावातले. घरात कानडी, शाळेत मराठी. आजीला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं की ती मराठीत सांगायची, "बरं हाय." ते पुढच्या खाटेकडे गेले की माझं मनगट धरून म्हणायची, "होट्टी नोवु." पोट दुखतंय. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि तिचा निरोप डॉक्टरांपर्यंत नेणं हे माझं काम होतं. चेर्निव्त्सीच्या त्या वॉर्डात ते काम सिस्टर करत होत्या.

सिस्टरांना मी विचारलं, रोमानियन कुठे शिकलात? त्या म्हणाल्या, "शिकले नाही. घरी बोलतो आम्ही." आणि मग, "मालांकाला ये आमच्याकडे. जुन्या पंचांगाचं नवीन वर्ष असतं."

अशी मी जानेवारी २०२० मध्ये त्यांच्या गावी गेले. गावाचं नाव लिहीत नाही. चेर्निव्त्सीहून सिरेतच्या सीमेकडे जो रस्ता जातो, त्याच्या एका फाट्यावर आहे. मिनीबसमध्ये सिस्टर खिडकीतून पाट्या दाखवत होत्या. ह्लिबोका: युक्रेनियनमध्ये 'खोल'. त्याच गावाला रोमानियन लोक अदंकाता म्हणतात, त्याचाही अर्थ खोल. पुढे बिला क्रिनित्सिया, पांढरी विहीर. रोमानियन नाव फंताना आल्बा, तीही पांढरी विहीरच. आणि त्या गावात राहतात मुख्यतः लिपोवान, म्हणजे जुन्या रीतीची प्रार्थना सोडायची नाही म्हणून रशियातून परागंदा झालेले रशियन. एका विहिरीवर तीन भाषांची माणसं. कुणी कुणाचं नाव पुसलं नाही, आपापल्या भाषेत तोच अर्थ ठेवला. मला हे फार आवडलं होतं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. सिस्टर काही बोलल्या नाहीत. फंताना आल्बा हे नाव त्यांच्या घरात हळू आवाजात घेतात, हे मला दोन दिवसांनी कळलं.

घर साधं, लाकडी खांबांचं, मधोमध मोठी भट्टीसारखी चूल. सिस्टरांची आई सत्तरीची, रोमानियन बोलणारी. यजमान डोंगराकडच्या गावातले, युक्रेनियन. मुलगी चौदा वर्षांची. पहिल्या संध्याकाळी मी नुसती ऐकत बसले. आजी लेकीशी रोमानियन. सिस्टर नवऱ्याशी युक्रेनियन. मुलगी आजीशी रोमानियन, बापाशी युक्रेनियन, आणि आईशी अर्धं वाक्य हे, अर्धं ते. एकाच जेवणात भाषा अशी फिरत होती जशी मिठाची वाटी फिरते, ज्याच्याकडे वळली त्याच्यापुरती. गोठ्यात गेलो तर सिस्टर गाईशी रोमानियनमध्ये बोलल्या आणि परतताना कुत्र्याला युक्रेनियनमध्ये हाकललं. मी विचारलं तर त्यांना नवल वाटलं. थोडा विचार करून म्हणाल्या, "गाय आईची. कुत्रा यांनी आणला."

त्या एका उत्तरानं मला जेवढं समजलं तेवढं पुढे वाचलेल्या पुस्तकांनी समजलं नाही. आपण म्हणतो, हा माणूस अमुकभाषक. जणू भाषा माणसाच्या आत भरलेली असते. त्या घरात ती दोन माणसांच्या मध्ये होती. आजी गेली की त्या घरातलं रोमानियन निम्मं जाणार, हे सिस्टरांना पक्कं माहीत होतं आणि म्हणून त्या आजीशी जरा जास्तच बोलायच्या.

जेवायला मामालिगा. मक्याचं पीठ रटरट शिजवून फळीवर उलटं करायचं आणि दोऱ्यानं कापायचं. आपल्या घट्ट उकडीची आठवण होते. वर मेंढीच्या दुधाचं खारं चीज आणि दाट आंबट साय. चीजला रोमानियनमध्ये 'ब्रिंझा', इकडे 'ब्रिंद्झा'. साय 'स्मिंताना', इकडे 'स्मेताना'. 'मामालिगा' दोन्हीकडे मामालिगाच. आजीनं चुलीकडे बोट दाखवून सांगितलं, 'वात्रा'. जावई म्हणाले, आमच्या डोंगरात मेंढपाळ शेकोटी पेटवतात तिलाही वात्राच म्हणतात. व्याकरणं दोन कुळांतली, एक लॅटिनची लेक, दुसरी स्लाव्ह. चुलीजवळ मात्र शब्द कुणाचा कुणाकडून आला ते सांगता येत नाही.

मी त्या घरी नको तो प्रश्न विचारला. आजीला म्हटलं, तुम्ही रोमानियन की मोल्दोव्हन? कारण मी वाचलं होतं की २००१ च्या जनगणनेत चेर्निव्त्सी प्रांतात सुमारे १ लाख १४ हजार रोमानियन आणि ६७ हजार मोल्दोव्हन नोंदले गेले, आणि दोघं बोलतात ती भाषा एकच. आजी उठल्या, कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात सोव्हिएत काळाचे जुने पासपोर्ट होते. परदेशी जायचे नव्हेत, देशात फिरायचे. कोलखोजवरच्या, म्हणजे सामुदायिक शेतावरच्या, शेतकऱ्याला तोही १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिळत नसे, त्यामुळे गाव सोडून कुठे जायचं तर कागदच नाही. त्या पासपोर्टात एक रकाना असायचा: राष्ट्रीयत्व. आजींच्या पासपोर्टात 'मोल्दोव्हन'. थोरल्या भावाच्या पासपोर्टात 'रोमानियन'. धाकटा दोन्बासच्या कोळशाच्या खाणीत गेला, त्याचा कागद तिकडे झाला, तो 'युक्रेनियन'. एका आईच्या पोटची तीन भावंडं.

"मग तुम्ही कोणती भाषा बोलता असं सांगता?" मी विचारलं.

"पे लिम्बा नोआस्त्रा," त्या म्हणाल्या. आमच्या भाषेत.

जावई हसले. त्यांच्या डोंगरातली माणसं आपल्या बोलीला काय म्हणतात ते त्यांनी सांगितलं: 'पो-नाशोमू'. आमच्या रीतीनं. म्हणजे घरातल्या दोन्ही भाषांना घरातल्या माणसांनी एकच नाव ठेवलं होतं, आणि ते नाव कुठल्याही रकान्यात बसणारं नव्हतं.

रकाने मात्र दर पिढीला नवे आले. १७७५ मध्ये मोल्दाव्हियाच्या राज्याचा हा तुकडा ऑस्ट्रियाकडे गेला आणि त्याला बुकोविना म्हणू लागले. ऑस्ट्रियाचा शिरगणतीवाला विचारायचा, रोजच्या व्यवहारात काय बोलता? १९१० ला आठ लाखांच्या आतबाहेर वस्ती, त्यात ३ लाख ५ हजार रुथेनियन, म्हणजे आजचे युक्रेनियन, २ लाख ७३ हजार रोमानियन, आणि जर्मन बोलणारे १ लाख ६८ हजार, ज्यात ज्यू पुष्कळ. उत्तर एकच द्यायचं. दोन भाषा बोलणाऱ्याला तिथेच एक गिळावी लागली. १९१८ ला रोमानिया आला. त्या सरकारनं १९२४ च्या शाळा कायद्यात लिहिलं की मूळचे रोमानियन असून मातृभाषा गमावून बसलेल्यांनी मुलांना रोमानियन शाळेतच घालावं. मातृभाषा कुणी गमावली हे ठरवायचं सरकारनं. जावयांच्या आजोबांना असंच सांगितलं होतं, की तुम्ही युक्रेनियन नाहीच, विसरलेले रोमानियन आहात. युक्रेनियन शाळा एकेक करून बंद झाल्या. १९४० च्या जूनमध्ये सोव्हिएत फौज आली आणि उत्तर बुकोविना घेतला, शेजारचा हेर्त्साही घेतला, जो कधी ऑस्ट्रियाच्या बुकोविनात नव्हताच. म्हणून तर त्या म्हातारीचं युक्रेनियन हो-नाहीपुरतं होतं.

आणि १ एप्रिल १९४१ ला सिरेत खोऱ्यातल्या गावांतली माणसं, बायकामुलांसह, क्रॉस आणि पताका घेऊन नव्या सीमेकडे चालत निघाली. पलीकडे रोमानिया होता. पांढऱ्या विहिरीच्या गावाजवळ सोव्हिएत सीमारक्षकांनी त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. त्याच जूनमध्ये अनेक कुटुंबं रात्रीतून सैबेरिया आणि कझाकस्तानला रवाना झाली. आजींनी हे सांगितलं तेव्हा त्या पासपोर्ट डब्यात परत ठेवत होत्या. त्यांचे एक काका त्या चालणाऱ्यांत होते. एवढंच सांगितलं. मी गाडीत 'किती सुंदर नावं' म्हणाले होते ते मला आठवलं.

युद्धानंतर गावच्या शाळेत भाषेचं नाव मोल्दोव्हन झालं आणि लिपी किरिल. आजी आपली आईची भाषा रशियन अक्षरांत शिकल्या. त्यांच्या आईला ती अक्षरं येत नव्हती, त्यामुळे मायलेकींना एकमेकींची पत्रं वाचता यायची नाहीत. सिस्टरही किरिलमध्येच शिकल्या. १९८९ मध्ये मोल्दोव्हानं लॅटिन लिपी परत आणली, पाठोपाठ इथल्या शाळांतही ती आली, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. "एका उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाषा मला वाचता येईनाशी झाली," त्या म्हणाल्या. ही सगळी उलथापालथ मला दिसली ती चर्चमागच्या दफनभूमीत. जुने क्रॉस लॅटिन अक्षरांत. मधले रोमानियन शब्द, पण किरिल अक्षरांत. अलीकडचे पुन्हा लॅटिन. शेजारी युक्रेनियन क्रॉस. आडनावं तर आणखी बोलकी. 'रुसू' हे आडनाव रोमानियन क्रॉसवर, आणि त्याचा अर्थ रुथेनियन. 'वोलोश्चुक' युक्रेनियन क्रॉसवर, आणि त्याचा अर्थ व्लाखाचा, म्हणजे रोमानियनाचा, पोरगा. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी पलीकडच्या गावातून सून किंवा जावई म्हणून आला असेल, लोकांनी त्याला तो जिथला होता ते नाव दिलं, आणि त्याची नातवंडं इकडची होऊन गेली.

तेरा तारखेच्या रात्री क्रास्नोइल्स्कला गेलो. तिथली वस्ती रोमानियनभाषक आणि तिथला मालांका प्रसिद्ध. वाळक्या गवताच्या जाड वळ्या अंगाभोवती गुंडाळून तरुण पोरं अस्वलं होतात, इतकी अवजड की बसली तर उठवायला दोघं लागतात. राजा, राणी, जिप्सी, भुतं. घरोघर जाऊन नाचतात. दारात उभं राहून आधी अंदाज घेतात, घर कुणाचं, आणि त्याप्रमाणे गाणं रोमानियन किंवा युक्रेनियन. बर्फात सकाळपर्यंत हे चालतं. सिस्टरांच्या मुलीनं मला धरून रांगेत ओढलं. ती दोन्ही गाणी म्हणत होती, आणि तिच्या वयाच्या कुणालाही मध्ये कुठे शिवण आहे असं वाटत नव्हतं.

शाळेत मात्र शिवण होती. २०१७ च्या शिक्षण कायद्यानं पाचवीपासून वरचं शिक्षण मुख्यतः युक्रेनियनमध्ये करायचं ठरवलं. रोमानियात एवढा क्षोभ झाला की त्यांच्या अध्यक्षांनी, क्लाउस योहानिस यांनी, कीव्हचा ठरलेला दौरा रद्द केला. २०२० च्या जानेवारीत, मी त्या गावातून परतले त्याच सुमारास, नवा हिशोब ठरला: युरोपीय संघातल्या भाषांच्या शाळांत पाचवीला किमान २० टक्के युक्रेनियन, वाढवत नववीला ४०, त्यापुढे ६०. सिस्टर चिडल्या होत्या. मुलीला भूमिती रोमानियनमध्ये समजते, ती युक्रेनियनमध्ये का शिकायची? यजमान म्हणाले, तिला फार्मसीला जायचं आहे, प्रवेश परीक्षा युक्रेनियनमध्ये, मग आतापासून नको का? दोघं माझ्यासमोर भांडले, नेहमीसारखे दोन भाषांत.

मला दोघांचंही पटलं आणि अजून पटतं. ज्या भाषेत पुस्तक छापायला झारनं १८७६ मध्ये बंदी घातली, आणि जिला सोव्हिएत काळात खुद्द चेर्निव्त्सी शहरात रशियनच्या मागे उभं राहावं लागलं, ती भाषा आपल्या देशाच्या शाळेत जागा मागते तर तिला कोण नाही म्हणेल? पण तिच्यावर जो अन्याय झाला तो रोमानियननं केलेला नव्हता, निदान गेल्या ऐंशी वर्षांत तरी नाही. मी स्वतः मराठी शाळेत शिकले आणि आज मराठीत लिहिते आहे, मला ती भाषा जिवाभावाची आहे. तरी पहिलीत बाईंनी विचारलेलं न कळून मी आठवडाभर गप्प बसले होते, माझ्यावरचं ते ओझं कुणीतरी हलकं करू शकलं असतं असं वाटतं. मुलाला दुसरी भाषा देताना पहिली हातातून काढून घ्यायची गरज नसते. डिसेंबर २०२३ मध्ये, ऐन युद्धात, युक्रेननं कायदा बदलून या शाळांना पुन्हा सैल केलं. त्याच वर्षी 'मोल्दोव्हन भाषा' हे नावही सरकारी कागदांतून काढून रोमानियन म्हणायचं ठरवलं. त्यामागे युरोपीय संघात जाण्याची घाई होती. पण बदल झाला याचा मला आनंद आहे.

मी तोवर तिथे नव्हते. फेब्रुवारी २०२२ मध्ये आम्ही त्याच रस्त्यानं निघालो, मिनीबसच्या खिडकीतून सिस्टरांनी पाट्या दाखवल्या होत्या त्या रस्त्यानं. गाड्यांची रांग कित्येक किलोमीटर. बस सोडली आणि पोरुब्नेच्या सीमानाक्यापर्यंत चालत गेलो. २६ फेब्रुवारीला बुखारेस्टहून पहिलं विमान मुंबईला उतरलं, त्यात चेर्निव्त्सीची मुलं होती. मी त्यानंतरच्या विमानात. रस्त्यालगतच्या रोमानियनभाषक गावांतली माणसं फाटकाबाहेर पातेली घेऊन उभी होती. चहा देणाऱ्या बाईला मी 'मुल्त्सुमेस्क' म्हटलं, धन्यवाद. ती आधी चकित झाली आणि मग रडायला लागली.

सिरेतला, रोमानियाच्या बाजूला, तंबूत एक वयस्क बाई दुभाष्याचं काम करत होती. खार्किव्हहून आलेल्या एका आईला ती अस्खलित युक्रेनियनमध्ये कागद समजावत होती, पण तिचं युक्रेनियन जावयांच्या डोंगरातल्यासारखं, जुनं. सिरेतजवळ नेगोस्तिनासारखी गावं आहेत, रोमानियात असलेली आणि घरात युक्रेनियन बोलणारी. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकमेकांची माणसं राहून गेली आहेत. मी विचारलं, ही भाषा कुठे शिकलात? तिनं उत्तर दिलं तेव्हा मला सिस्टरांचा आवाज ऐकू आला. "शिकले नाही. घरी बोलतो."

सिस्टरांचे निरोप येत असतात. एकदा त्यांनी दफनभूमीचा फोटो पाठवला. नवा क्रॉस, त्यावर नाव आणि प्रार्थना रोमानियनमध्ये, लॅटिन अक्षरांत. वर युक्रेनचा निळा-पिवळा झेंडा. शेजारच्यांचा मुलगा, पूर्वेच्या आघाडीवर गेला होता. खाली सिस्टरांनी काही लिहिलं नव्हतं. मी तो फोटो मोठा करून अक्षरं लावत राहिले.

मी आता जतजवळ प्रॅक्टिस करते. पेशंट आत आला की मराठीत नाव विचारते आणि पोटावर हात ठेवताना कानडीत बोलते. गेल्या हिवाळ्यात सिस्टरांच्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं. वॉर्डात खार्किव्हहून विस्थापित होऊन आलेला तरुण डॉक्टर. तो रशियन बोलत वाढलेला, युक्रेनियन हट्टानं शिकतो आहे, आणि आजी घाबरल्या की त्यांचं युक्रेनियन जातं. सिस्टरांनी एका कागदावर त्याला चार वाक्यं लिहून दिली. रोमानियन, पण त्याला वाचता यावं म्हणून किरिल अक्षरांत. उंदे व द्वारे. कधीपासून. श्वास घ्या. घाबरू नका. त्यानं खाटेपाशी उभं राहून कागद बघत बघत वाचलं. आजींनी त्याच्या हातून तो कागद घेतला, चष्मा लावला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि लेकीला म्हणाल्या, "ही तर माझ्या शाळेतली अक्षरं."

मग त्याला सांगायला लागल्या, कुठे दुखतं ते.